मांजरीच्या तोंडावरची हळद

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. महालक्ष्म्यांच्या पुढ्यात, थोरलीच्या साडीच्या निऱ्यांवर आमची मांजर बसली आहे आणि तिच्या नाकापासून कपाळापर्यंत पिवळा-केशरी पट्टा उमटला आहे. फोटो मीच काढला. काढताना मी हसत होतो, माझ्यामागे उभ्या बायका हसत होत्या, आई तर पदरानं डोळे पुसत हसत होती.

ती मांजर त्यानंतर आठवडाभरही जगली नाही. आपण भरवलेल्या पुरणानं ती गेली, असं माझी आई पुढची जवळजवळ तीन वर्षं समजत राहिली. ते खरं नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो.

आम्ही शहरात, नंदनवन वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, बायको आणि आई. मी सरकारी कार्यालयात कारकून आहे, बायको शाळेत शिकवते. आमचं गाव काटोलच्या पलीकडे. शेती आता चुलतभाऊ पाहतात. वडील गेल्यावर आईला इकडे आणलं, तेव्हा ती बरेच दिवस नुसती गॅलरीत बसून असायची. गावात तिची सकाळ गोठ्यात व्हायची. इथे उठून करायचं काय, हेच तिला कळत नव्हतं.

गॅलरी तेव्हा माझ्या झाडांनी भरलेली होती. मनी प्लांट खिडकीच्या गजांतून बैठकीत शिरला होता. दाराशी सायकस, त्याला लागून मोठ्या ठिपक्याठिपक्यांच्या पानांचा डिफेनबेकिया, कठड्यावर सदाफुली आणि कोरफड. उन्हाळ्यात मी वरून हिरवी जाळी बांधायचो आणि कार्यालयातून आल्यावर आधी त्यांना पाणी द्यायचो, मग स्वतः प्यायचो. आईला याचं नवल वाटायचं.

"यातलं खायाचं काय आहे गा?" तिनं एकदा विचारलं.

"खायाचं काही नाही, आई. पाहाले आहे."

"मंग एवढं पाणी कायले पाजून राहिला त्याईले?"

मांजर बायकोनं आणली. शाळेच्या मागच्या गल्लीत पिल्लू सापडलं होतं, पांढरं, शेपटीवर आणि एका कानावर करडा रंग. आईनं पहिल्या दिवशी नाक मुरडलं. आमच्या गावात मांजर धान्याच्या कोठीपाशी असायची, उंदरांसाठी. तिला कोणी मांडीवर घेत नसे. "उंदीर कुठं आहेत तुमच्या घरी?" असं ती सुनेला म्हणाली. पण पिल्लू तिच्याच मांडीवर जाऊन झोपलं, दुसऱ्या दिवशीही तिथंच झोपलं, आणि मग आई त्याला उठवायचं नाही म्हणून चहा थंड होऊ द्यायला लागली.

तिनं मांजरीला नाव ठेवलं नाही. नुसतं 'बाई' म्हणायची. "कुठं गेली होती वं बाई? सांगून जात जा मले." दिवसभर दोघींचं बोलणं चालायचं. बायको एकदा म्हणाली, "आई माझ्याशी एवढ्या बोलत नाहीत."

"तू येऊन बसत जा मांडीवर," आई म्हणाली, "तुझ्यासंगही बोलीन."

लस टोचायला आम्ही तिला धरमपेठेतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या, मोजकं बोलणाऱ्या. घरात झाडं आहेत का, असं त्यांनी विचारलं. बायकोनं अभिमानानं मोबाइलवर माझ्या गॅलरीचे फोटो दाखवले. डॉक्टर फोटो पुढे सरकवत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला. सायकस आजच घराबाहेर काढा, म्हणाल्या. सदाफुली नको, कोरफड नको. मनी प्लांट आणि डिफेनबेकियानं मांजरीचं तोंड सुजतं, लाळ गळते. "आणि लिली कोणतीच नको. मांजरीची किडनी जाते त्यानं."

"लिली आमच्याकडे नाहीच," मी म्हणालो.

त्या रविवारी मी गॅलरी रिकामी केली. सायकस कार्यालयात नेऊन ठेवला. डिफेनबेकिया खालच्या मजल्यावरच्यांनी नेला. मनी प्लांट कापून बाटलीत घातला आणि बाटली जिन्यातल्या खिडकीत टांगली. जीव तुटला, खोटं कशाला सांगू. बरीच वर्षं वाढवलेली झाडं होती. पण मी ते नीट केलं. त्यांच्या जागी अरेका पाम आणला, फर्न आणला, स्पायडर प्लांटची टोपली छताला लावली. मोगरा आणि जास्वंद डॉक्टरांना विचारून आणले. मोकळी माती दिसली की मांजर ती उकरून तिथंच बसते, म्हणून कुंड्यांवर गोटे पसरले. पाहुणे आले की मी त्यांना गॅलरीत नेऊन सांगायचो की आमच्याकडे मांजर आहे, म्हणून इथलं प्रत्येक पान विचारून लावलेलं आहे. ऐकणाऱ्याला त्यात फारसा रस नसायचा. मी तरी सांगायचो.

मांजरींना हिरवं खावंसं वाटतं, तर गहू पेरून द्या, असंही डॉक्टरांनी सुचवलं होतं. ते काम आईनं घेतलं. घटाला पेरतात तसे तिनं एका पसरट कुंडीत गहू पेरले. ते वीतभर वर आले की मांजर मान तिरकी करून त्यांची टोकं चावायची. आई शेजारी पाट टाकून बसायची. "शेती करून राहिली मी," फोनवर माझ्या मोठ्या बहिणीला ती सांगत असे, "बाईसाठी."

मला वाटतं, वडील गेल्यानंतर तेव्हा ती पहिल्यांदा या घरात राहायला लागली. आधी नुसती येऊन थांबलेली होती.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस घर आपलं राहत नाही. पहिल्या दिवशी त्यांना घरात आणायचं, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, वर टांगलेला फुलोरा, आणि पंगतीला जेवढी माणसं येतील तेवढी थोडी. सजावट माझ्याकडे. दर वर्षी शेवंती आणि झेंडू असायचा. त्या वर्षी कार्यालयातली मंडळी जेवायला येणार होती आणि साहेबही येतो म्हणाले होते. साहेबांच्या घरी मी आदल्या वर्षी मोठी पांढरी फुलं पाहिली होती, उंच भांड्यात, दोन्ही बाजूंना. तसंच करायचं माझ्या मनात होतं.

बर्डीच्या फूलबाजारातून मी ती आणली. बहुतेक कळ्याच होत्या. उद्या सकाळी उमलतील, असं फूलवाला म्हणाला. घरी येऊन मी पितळेच्या दोन कळश्यांत पाणी भरून फुलं घातली आणि ज्येष्ठा-कनिष्ठेच्या बाजूला एकेक ठेवली. बायको पुरणाची डाळ निवडत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि छान दिसतात म्हणाली.

त्या फुलांना लिली म्हणतात, हे मला ठाऊक होतं. त्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं तेही मी विसरलो नव्हतो. पण ते मी झाडांबद्दल ऐकलं होतं, कुंडीतल्या, मुळं असलेल्या. ही फुलं होती आणि ती देवासाठी आणली होती. महालक्ष्मीपुढं ठेवायच्या वस्तूनं घरातल्या कुणाचं वाईट होईल, असा विचारच माझ्या डोक्यात शिरला नाही. मी गॅलरीतलं एकेक पान तपासणारा माणूस. बैठकीच्या मधोमध मी ते नेऊन ठेवलं.

सकाळी फुलं उमलली होती. सगळ्या खोलीत वास भरला होता. मांजरीला आईच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं, पण घरात पहाटेपासून बायकांची ये-जा होती, कुणीतरी दार उघडं टाकलं असणार. पूजेची तयारी चालली असताना माझी चुलतबहीण एकदम हसायला लागली. पाहतो तर मांजर थोरलीच्या निऱ्यांवर अंग मुडपून बसली होती आणि तिचं तोंड पिवळं झालं होतं. नाक, मिशा, कपाळ. छातीवरही थोडं.

समोर हळदीची वाटी होती. दारापासून हळदीकुंकवाची पावलं काढली होती. प्रत्येकीच्या हाताला हळद होती. पिवळं म्हणजे हळद, यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

"पाहा वं," आई म्हणाली, "हळदीकुंकवाले आली माझी बाई."

"कोणाची सवाष्ण आहे ही, काकू?" चुलतबहिणीनं विचारलं.

"खालच्या पार्किंगमधला तो काळा बोका असन."

सगळ्या हसल्या. बायको ओलं फडकं घेऊन पुसायला निघाली तर आईनं तिला थांबवलं. "राहू दे वं. सणाची हळद आहे. पुसत नाहीत." आणि मी म्हणालो, "थांबा, फोटो काढू द्या." फोटो काढून मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. मग मांजरीला उचलून आईच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या कुर्त्याला पिवळा डाग पडला, मी त्याला पाणी लावलं. हळदीचा डाग पाण्यानं पसरतो, हा पसरला नाही, तसाच राहिला. तेव्हाही मला काही वाटलं नाही.

खोलीत पलंगावर बसून तिनं आपलं तोंड स्वच्छ केलं असणार. पंजा चाटायचा, तोंडावरून फिरवायचा, पुन्हा चाटायचा. आम्ही पुसलं नाही म्हणून तिनं पुसलं.

दुपारी नैवेद्य झाल्यावर आईनं आपल्या ताटातलं पुरण काढलं, त्यावर तूप घातलं, आणि खोलीत जाऊन तिला भरवलं. बोटाएवढं. दर सणाला ती तसं करायची. "लेकीले आधी," असं म्हणायची.

संध्याकाळी मांजरीनं ओकारी काढली. मग पुन्हा. बायको हळदीकुंकवाच्या गर्दीतून मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "अहो, हिला दाखवून आणा. मला बरं वाटत नाहीये." बाहेर साहेब सपत्नीक नुकतेच येऊन बसले होते. मी त्यांना ती फुलं दाखवत होतो.

"पुरण खाल्लं तिनं," मी म्हणालो. "ओकून पडलं की बरं वाटेल. उद्या पाहू."

दारात आई उभी होती. तिनं ते ऐकलं. पुरणाचं नाव त्या घरात पहिल्यांदा मी घेतलं. आईनं नाही.

दुसऱ्या दिवशी ओकारी थांबली. आम्हाला बरं वाटलं. ती पलंगाखाली बसून होती, पाण्याच्या वाटीपाशी तोंड नेऊन नुसती बघत होती. बोळवणीचा दिवस, दहीभात, आरती, सामान आवरणं. फुलं निर्माल्यात गेली. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती उठेचना, तेव्हा तिला पिशवीत घालून मी एकटा धरमपेठेला गेलो. बायकोची शाळा सुरू झाली होती.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त काढलं. काय खाल्लं, विचारलं. मी पुरण सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. मांजर दोन दिवसांपूर्वी किती चांगली होती हे त्यांना कळावं म्हणून मी मोबाइल काढला आणि तो फोटो दाखवला.

"हळद लागली होती तेव्हा," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइल हातात घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मांजरीचं तोंड पाहिलं, मग फोटो वर सरकवला. तिच्या डोक्यावर कळशीतलं एक फूल झुकलेलं होतं. पाकळ्या पांढऱ्या, मधले तंतू उघडे, पिवळेपण पुसून गेलेलं.

"ही हळद नाही," त्या म्हणाल्या. "लिलीचे पराग आहेत. हिनं चाटले असणार." आणि थोडं थांबून, "मी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"कुंडीत नव्हती, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशीच आणली असती तर सलाईन लावून बरीच आशा होती, असं त्यांनी सांगितलं. आता प्रयत्न करू, पण किडन्या जवळपास थांबल्या आहेत.

तिला तिथंच ठेवून मी घरी आलो. आई दारातच उभी होती.

"काय म्हणे डॉक्टर? पुरणानं झालं ना?"

मला तिथं एक वाक्य बोलायचं होतं. मी बूट काढत राहिलो. "किडनीचं आहे म्हणतात," मी म्हणालो. "कशानं झालं ते सांगता येत नाही."

आईनं मान हलवली आणि आत गेली. तिला कळलं, असं तिला वाटलं. संध्याकाळी बायकोनंही तेच विचारलं आणि तिलाही मी तेच उत्तर दिलं.

दोन दिवसांनी आईला दवाखान्यात नेलं, तिला मांजरीला भेटायचं होतं म्हणून. त्याआधी मी फोन करून डॉक्टरांना म्हणालो, "आईला कारण वगैरे काही सांगू नका. तिचं वय झालंय, सोसणार नाही तिला." डॉक्टर म्हणाल्या, समजू शकते. मी आईची काळजी करतो, असं त्या समजल्या. मी माझी करत होतो.

मांजरीच्या पायाला सुई लावलेली होती. आईनं स्टुलावर बसून तिला तशीच मांडीवर घेतलं. मांजरीनं डोळे उघडले, एवढंच. आई तिच्या कानामागे हात फिरवत होती आणि हळू बोलत होती, नेहमी बोलायची तशी.

"चुकलं वं बाई माझं. तुले पचत नाही, मले समजाले पाहिजे होतं. म्हातारीनं काय घास भरवला तुले." मग पुन्हा, "तुले मागता येत होतं, नको म्हणता येत नव्हतं."

डॉक्टर बाजूला उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिलेला शब्द पाळला. मी आईच्या मागे उभा होतो, हातभर अंतरावर. मी म्हणालो, "चल आई, तिले आराम करू दे."

दुसऱ्या दिवशी मांजर गेली. इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत मी खड्डा खणला. खाली उतरताना आईनं गव्हाची कुंडी माझ्या हातात दिली. "हे तिच्यासंग ठेव," म्हणाली. स्वतः आली नाही.

त्यानंतर आई बदलली. पण ती बोलून दाखवणारी नसल्यामुळे कुणाला ते कळायचं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर एक गाय बांधलेली असते, तिला ती रोज पोळी नेऊन द्यायची. ते बंद केलं. गुडघे दुखतात, म्हणाली. पुढच्या महालक्ष्म्यांना तिनं पुरण शिजवलं, वाटलं, नैवेद्य भरला, पण स्वतःच्या ताटात घेतलं नाही. साखर वाढली असेल म्हणून, असं आम्ही धरून चाललो. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

आणि मी गॅलरी रिकामी केली. पाम, फर्न, जास्वंद, सगळं देऊन टाकलं. फक्त तुळस ठेवली. मांजर गेल्यामुळे यांचं मन उडालं, असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. मी ते दुरुस्त केलं नाही. खरं म्हणजे झाडांना पाणी द्यायला गेलो की आई तिथं पाटावर बसलेली असायची, समोर गव्हाची कुंडी नसायची, आणि मला तिच्यासमोर पानं पुसत उभं राहवत नव्हतं. मग उन्हाळ्यात ती हिरवी जाळीही बांधायचं राहून गेलं. भर दुपारचं ऊन थेट आत येऊ लागलं आणि आईनं गॅलरीत बसणंही सोडलं.

सांगायचं असं मी अनेकदा ठरवलं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर फुलांची एक चूक कबूल करून भागलं असतं. नंतर सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. तो दुसरा भाग दर महिन्याला वाढत गेला, आणि मी त्या दुसऱ्या भागालाच भिऊन राहिलो.

या उन्हाळ्यात पार्किंगमध्ये स्कूटरखाली एक पिल्लू सापडलं. तापलेल्या फरशीवर पाय उचलून उचलून ओरडत होतं. बायको ते वर घेऊन आली. आईनं पाहिलं आणि आपल्या खोलीत गेली.

पिल्लू तिच्यामागे गेलं. त्याला कसं कळलं, कोण जाणे. ते साडीला नखं लावून पलंगावर चढलं आणि तिच्या मांडीवर बसलं. मी दारातून पाहत होतो. आईनं दोन्ही हात वर उचलले, छातीशी नेले आणि पदराखाली झाकून घेतले, जणू हातांना काही लागलेलं आहे आणि ते पिल्लाला लागू नये.

"घेऊन जाय वं याले, सूनबाई," ती म्हणाली. "मी नाही हात लावत."

"आई, ते काही करत नाही."

"ते नाही करत. माझ्या हाताचं मानवत नाही मुक्या जिवाले."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी पिल्लाला उचलून बाहेर आणलं. ते बशीतलं दूध-पाणी न पिता पुन्हा त्या दाराशी जाऊन ओरडत बसलं. आई आतून हलली नाही. पण तिचा श्वास मला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रजा टाकली. बायको बाजारात गेली होती. कूलर सुरू होता, आई पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो.

"आई, बाई पुरणानं नाही गेली."

ती सोलत राहिली. कूलरच्या आवाजात ऐकू आलं नसेल, म्हणून मी उठून तो बंद केला आणि पुन्हा सांगितलं. मग थांबलो नाही. फुलं सांगितली, कळशी सांगितली, पिवळं काय होतं ते सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. डॉक्टरांना फोन करून मी काय बोललो होतो, तेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

"हळद नव्हती थे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मीच म्हटलं, पुसू नका."

"तुले काय माहीत, आई. मले माहीत होतं."

"कधी समजलं तुले?"

"दवाखान्यात. पहिल्याच दिवशी."

"म्हंजे मी तिले मांडीवर घेतलं होतं तेव्हा तुले माहीत होतं."

"हाव."

तिनं सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. आपल्या तळहातांकडे बघत बसली. तिच्या बोटांवर शेंगांच्या टरफलांची धूळ होती.

"दोन महालक्ष्म्यांले मी पुरण तोंडात नाही घातलं गा," ती म्हणाली. "तू माझ्या शेजारी बसून जेवत होता."

मी चुकलो म्हणालो. तिचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "कूलर लाव. उकडून राहिलं."

बायकोला तिनंच सांगितलं, संध्याकाळी, स्वयंपाकघरात. मी बाहेर बसून ऐकत होतो. बायको गॅस बंद करून बाहेर आली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "फुलं मीही पाहिली होती ना. छान म्हणाले होते मी. मला का नाही सुचलं?" सुचायला मला हवं होतं, असं मी म्हणालो. त्यानं तिचं समाधान झालं नाही. अजूनही कधीकधी भाजी चिरता चिरता ती थांबते, तेव्हा ती काय आठवते आहे ते मला कळतं. सांगितल्यानं ओझं कमी होतं म्हणतात. माझ्या घरात ते वाटलं गेलं, एवढंच झालं.

पिल्लाला आईनं त्याच रात्री जवळ घेतलं. सकाळी पाहिलं तर ते तिच्या उशीशी झोपलेलं होतं आणि तिचा हात त्याच्या पाठीवर होता. आता ती त्याच्याशी बोलते. यालाही नाव नाही, हा 'बावा' आहे. गायीला पोळी द्यायला ती पुन्हा जाते. दुसरी पसरट कुंडी शोधून तिनं गहू पेरले आहेत, माझ्याकडून माती मागवली नाही, बायकोकडून मागवली.

माझ्याशी ती नीट वागते. जेवायला वाढते, औषधाच्या गोळ्या माझ्याच हातून घेते. ओरडली असती, बहिणीला फोन करून सांगितलं असतं, तर मला कुठं उभं राहायचं ते कळलं असतं. तसं काही तिनं केलं नाही.

परवा नर्सरीवरून येताना मोगऱ्याचं एक रोप घेतलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी लावावंसं वाटलं. मोगरा मांजरीला चालतो, हे मी डॉक्टरांना विचारलेलं आहे, या आधीही आमच्याकडे होता. दार आईनं उघडलं. पिल्लू तिच्या पायाशी होतं. तिनं रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाली नाही.

"मोगरा आहे, आई. चालते त्याले."

तिनं वाकून पिल्लाला उचललं, छातीशी धरलं आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली.

"सूनबाई, इकडं ये वं. पाह्य, हे चालते का आपल्याले."

स्वयंपाकघरातून बायको हात पुसत यायला थोडा वेळ लागला. तोवर मी कुंडी धरून उंबऱ्याबाहेर उभा होतो.